कोकणची बंदरगावे: पाण्याच्या बाजूने पाहताना

महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटर लांबीच्या किनारपट्टीवर रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, गुहागर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी जी लहान गावे ओळीने वसलेली आहेत, त्यांना केवळ समुद्रकाठची गावे म्हणणे अपुरे ठरते. कारण त्यांपैकी बहुतेक गावे मुळात बंदरे आहेत आणि ती शतकानुशतके ज्या बाजूने जगाला सामोरी गेली, ती बाजू रस्त्याची नसून पाण्याची होती. आजचा प्रवासी महामार्ग सोडून घाटवळणांनी खाली उतरतो, गावाच्या पाठीमागून आत शिरतो, किनाऱ्यावर तासभर थांबतो आणि पुढच्या ठिकाणी निघतो. अशा भेटीत गावाची पाठ दिसते, चेहरा दिसत नाही. या गावांची रचना, त्यांचा इतिहास आणि त्यांचे आजचे जगणे एकत्र समजून घेणाऱ्या प्रवासाची आखणी कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

बंदरगावाची घडण

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या अवघ्या काही कोसांत समुद्राला मिळतात आणि त्यांच्या शेवटच्या टप्प्यात भरतीचे खारे पाणी बरेच आतवर शिरते. नदीच्या या खाऱ्या टप्प्याला खाडी म्हणतात. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड आणि वाघोटनच्या मुखाशी विजयदुर्ग वसले, यामागे एकच कारण होते. भरतीबरोबर गलबते खाडीत आत जात, ओहोटीबरोबर बाहेर पडत, आणि देशावरून घाट उतरून आलेला माल खाडीच्या वरच्या टोकाला नावेत चढे. खाडीच्या मुखाशी बंदर, बंदरावर नजर ठेवणारा किल्ला, धक्क्याला लागून बाजारपेठ, पेठेमागे आळ्या आणि त्यांच्यामागे नारळी-पोफळींच्या वाड्या, असा हा साचा थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळतो.

ही गावे लहान राहिली, किंबहुना काही ठिकाणी लहान झाली, याचीही कारणे भूगोलात आहेत. खाड्यांमध्ये गाळ साचत गेला, मोठ्या जहाजांना खोल पाणी लागू लागले आणि मुंबईच्या बंदराने किनाऱ्यावरचा व्यापार आपल्याकडे ओढून घेतला. राजापूर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. समुद्रापासून बरेच आत, अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावी सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, म्हणजे माल साठवून व्यवहार करण्याचे ठाणे होते. आज त्याच संगमावर गाळ साचलेला असून पावसाळ्यात नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरते. विसाव्या शतकात मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी, म्हणजे वाफेवर चालणारी प्रवासी जहाजे, हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जात. ती वाहतूक थांबली, तेव्हा बंदराकडचा पुढचा दरवाजा मिटला आणि गावात येण्याचा मार्ग मागच्या बाजूने पडला.

एकच खाडी, दोन्ही काठ

या प्रवासात सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे चार दिवसांत संपूर्ण किनारा उरकण्याचा बेत. नकाशावर जवळ दिसणाऱ्या दोन गावांच्या मधे खाडी आली, की रस्त्याने पूल गाठण्यासाठी मोठा वळसा पडतो, आणि कातळी सड्यांवरून (सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट, उघडे पठार) चढउतार करणाऱ्या रस्त्यांवर वाहनाचा वेगही बेताचाच राहतो. म्हणून प्रवाशाने जिल्हा किंवा तालुका हे एकक न धरता खाडी हे एकक धरावे, एका खाडीचे दोन्ही काठ निवडावेत आणि तेथे किमान दोन रात्री मुक्काम करावा.

खाडी ओलांडण्यासाठी अनेक ठिकाणी माणसांबरोबर वाहनेही नेणारी फेरीबोट चालते. स्थानिक बोलीत तिला जंगलजेट्टी म्हणतात. दाभोळ ते धोपावे ही फेरी २००३ साली सुरू झाली आणि त्यानंतर आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, तवसाळ ते जयगड अशा फेऱ्यांनी किनारी प्रवासाची अडचण पुष्कळ कमी केली. मुंबईकरांसाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहनांसह नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० पासून उपलब्ध आहे. शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे त्याच दिवशी धक्क्यावर किंवा मुक्कामाच्या घरी विचारून घ्यावे; वारा वाढला किंवा समुद्र खवळला तर फेऱ्या थांबवल्या जातात, त्यामुळे परतीचा दिवस खाडी ओलांडण्यावर पूर्णपणे अवलंबून ठेवू नये.

रेल्वेने येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जानेवारी १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झालेली कोकण रेल्वे किनाऱ्याला समांतर पण बरीच आतून धावते, त्यामुळे श्रीवर्धनसाठी माणगाव, दापोली-हर्णैसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण आणि मालवण-वेंगुर्ल्यासाठी कुडाळ स्थानकावर उतरून पुढे एस.टी. किंवा रिक्षा करावी लागते. संध्याकाळी गावात येऊन रात्रभर थांबणारी आणि पहाटे परत निघणारी वस्तीची एस.टी. अजूनही अनेक गावांचा खरा आधार आहे. तिची वेळ जमवून घेणाऱ्या प्रवाशाला बाजाराला, शाळेला, दवाखान्याला निघालेले गाव सोबतीला मिळते.

ऋतू आणि सण

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सुखकर काळ होय. हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो आणि किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या नियमित सुटतात. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा आणि घाम सोसावा लागतो, परंतु हापूस, फणस, काजू, करवंदे आणि कोकम यांचा हा हंगाम असल्यामुळे वाड्यांमधली आणि घराच्या अंगणांतली लगबग याच दिवसांत पाहायला मिळते. जूनपासून चित्र पालटते. १ जून ते ३१ जुलै या काळात, माशांच्या प्रजननाचा काळ असल्यामुळे, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि जंजिरा किंवा सिंधुदुर्ग या किल्ल्यांच्या होड्याही पावसाळ्यात बंद राहतात. हिरवे सडे, भरून वाहणारे ओढे आणि ओली गावे पाहायची असतील तर पावसाळ्यात जरूर जावे, पण समुद्रात उतरण्याचा किंवा जलदुर्ग पाहण्याचा विचार त्या भेटीपुरता सोडून द्यावा.

गणेशोत्सवात आणि शिमग्यात, म्हणजे होळीच्या सणात, मुंबईचे चाकरमानी कुटुंबासह गावी परततात. रेल्वेची आरक्षणे फार आधी संपतात, घरे माणसांनी भरलेली असतात आणि एरवी पाहुण्यांना खोली देणारी मंडळीही घरच्या कार्यात गुंतलेली असतात. ज्यांना ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरताना पाहायची आहे, त्यांनी शिमग्यात ओळखीच्या घराच्या आधाराने जावे. निवांतपणा हवा असणाऱ्यांनी हे दिवस टाळावेत.

तिथीची पाऊणपट

या किनाऱ्यावरचे खरे वेळापत्रक भरती-ओहोटीचे असते. दिवसाच्या चोवीस तासांत सर्वसाधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि दररोज त्यांची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत वर चढते आणि तितकेच मागे हटते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार सर्वांत कमी असतो, त्या भरतीला भांगाची भरती म्हणतात. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या दिवशी हा फरक चार ते पाच मीटरपर्यंत जातो, तर दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत तो बराच कमी होतो.

पंचांग जवळ असेल तर वेळ काढण्याची एक जुनी आणि अत्यंत सोपी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. तिच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि नंतर, म्हणजे नऊच्या आसपास, ओहोटी. एकादशीला हिशेब सव्वाआठ येतो, म्हणून ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास. ही रीत मुंबई-अलिबाग परिसराला चांगली लागू पडते. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून तेथे स्थानिक मच्छीमारांना विचारून वेळ पक्की करावी.

हे गणित अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर प्रत्यक्ष वापरून पाहता येते, कारण ओहोटीला या किल्ल्यापर्यंत पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या सपाट किनाऱ्यावरून, चालत जाता येते. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते हे खरे, परंतु भांगाच्या दिवसांत पाणी पुरते हटत नाही आणि वाट पाण्याखालीच राहू शकते. अमावास्येला पाणी पुष्कळ हटते, पण ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येत असल्यामुळे परतताना अंधार होण्याचा धोका असतो. म्हणून द्वितीया ते चतुर्थी या तिथींची सकाळ किंवा एकादशी ते त्रयोदशी या तिथींची दुपार या भेटीसाठी सर्वांत सोयीची ठरते. पाणी पूर्ण हटण्याच्या थोडे आधी निघावे आणि ते पुन्हा चढू लागण्याआधी किनारा गाठावा.

गुहागर तालुक्यातील हेदवीच्या किनाऱ्यावर मात्र उलट हिशेब करावा लागतो. तेथे खडकात एक अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट या चिरेत कोंडली जाऊन पाण्याचा स्तंभ उंच उसळतो, आणि ओहोटीला गेलेल्या माणसाला फक्त कोरडी भेग दिसते. हे दृश्य दुरूनच पाहावे, कारण ओला खडक निसरडा असतो आणि पुढची लाट किती मोठी येईल याचा नेम नसतो.

सावित्रीच्या मुखाशी: श्रीवर्धन ते हर्णै

एका खाडीभोवतीचा तीन दिवसांचा प्रवास कसा आखावा, याचा नमुना म्हणून सावित्री खाडी घेता येईल. पहिला मुक्काम श्रीवर्धनला करावा. हे पेशव्यांच्या भट घराण्याचे गाव. १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ येथलेच. लक्ष्मीनारायणाचे देऊळ, सोमजाई देवीचे देऊळ, आणि आळ्यांतून जाणाऱ्या अरुंद वाटांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या सुपारीच्या बागा सकाळच्या वेळी पायी पाहाव्यात. येथली श्रीवर्धनी रोठा ही सुपारी प्रसिद्ध आहे. पोफळीच्या उंच, सरळ खोडांच्या रांगांमध्ये आज जी मोकळी जागा दिसते, तिचे कारण ३ जून २०२० रोजी या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग चक्रीवादळ हे आहे. पोफळ फळाला येण्यास अनेक वर्षे लागत असल्यामुळे एका दिवसात पडलेली वाडी उभी करणे हे एका कुटुंबाचे कित्येक वर्षांचे काम असते, हे जाणून त्या बागांकडे पाहावे.

दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ साधून हरिहरेश्वर गाठावे. येथील देवळामागच्या डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट कपारीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि लाटांनी जाळीदार झालेल्या खडकांवरून समुद्रालगत जाते. ही वाट केवळ ओहोटीतच पार करता येते. भरतीच्या वेळी या वाटेवर माणसे लाटेबरोबर ओढली गेली आहेत, म्हणून देवस्थानाच्या सूचना आणि स्थानिकांचा शब्द यांना अंतिम मानावे.

हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून जंगलजेट्टीने दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे वेश्वीला उतरता येते. या थोड्या वेळात वाहनात बसून न राहता कठड्याशी उभे राहावे, म्हणजे खाडीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला कोणत्या हेतूने उभा राहिला हे शब्दांवाचून कळते. रत्नागिरी जिल्ह्यातील या काठावर थोड्याच अंतरावर वेळास आहे. नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. श्रीवर्धनचे भट आणि वेळासचे भानू ही एकाच खाडीच्या दोन काठांवरची शेजारी घराणी, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या सत्तेशी बिनसल्यावर एकमेकांच्या आधाराने देशावर गेली आणि पुढे पेशवाईत एकाकडे मुख्य प्रधानपद तर दुसऱ्याकडे फडणिशी, म्हणजे हिशेबाचा कारभार, आला. रस्त्याच्या नकाशावर जिल्ह्याच्या सीमेने तुटलेली ही दोन गावे पाण्याच्या नकाशावर किती जवळ होती, याची साक्ष या इतिहासातून मिळते.

याच वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने येथे संवर्धनाचे काम उभे केले. अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवून, बाहेर आलेली पिल्ले समुद्राकडे सोडली जातात. फेब्रुवारी अखेरीपासून एप्रिलपर्यंत गेल्यास पिल्ले पाहण्याची शक्यता असते, मात्र पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर येतील हे कोणीही सांगू शकत नाही, म्हणून ती दिसलीच पाहिजेत असा आग्रह न धरता गावातच मुक्काम करावा.

तिसऱ्या दिवशी वेळासहून केळशी आणि आंजर्ले मार्गे हर्णैला जावे. हर्णैच्या समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाबरोबर त्याचाही समावेश आहे. हर्णैचे दुसरे आकर्षण म्हणजे बंदरावरचा मासळीचा लिलाव. बोटींतून उतरवलेली मासळी ओल्या वाळूवर जातवार वाट्यांत मांडली जाते, प्रत्येक वाट्याभोवती खरेदीदारांचे कडे होते, बोली भराभर चढते आणि सौदा तुटताच टोपली उचलली जाते. येथे प्रवाशाने कड्याच्या बाहेर उभे राहावे, वाटा आणि बोली लावणारे यांच्या मधे छायाचित्रासाठी शिरू नये, आणि घरापुरती मासळी हवी असल्यास लिलावातून घेतलेला माल लगतच किरकोळ विकायला बसलेल्या बायकांकडून घ्यावी.

वाशिष्ठीचे मुख: दाभोळ आणि गुहागर

दाभोळ आज शांत गाव असले, तरी बहमनी काळात ते या किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. १५०८ मध्ये चौलजवळच्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा मारला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर, दीवकडे जाताना, आल्मेदाने दाभोळ जाळले. त्यानंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या गावाची खूण म्हणजे धक्क्याजवळची, विजापूरच्या वास्तुशैलीतील, सतराव्या शतकातली मशीद होय. चिऱ्यांच्या साध्या घरांमध्ये तिचा घुमट आणि मिनार पाहिल्यावर या गावाने एके काळी किती संपत्ती पाहिली असेल याचा अंदाज येतो. गावाबाहेर गुहेत चंडिकादेवीचे स्थान आहे. आत समईचा तेवढाच उजेड असल्यामुळे डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे.

धोपाव्याला उतरून गुहागरला आले, की लांबलचक पुळण आणि तिला समांतर पसरलेले गाव दिसते. वरचा पाट आणि खालचा पाट अशी गावाची विभागणी असून मधोमध व्याडेश्वराचे देऊळ आहे, जे अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत आहे. येथे वाहन एका जागी ठेवून पाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाणे, हाच गाव पाहण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे.

मालवण आणि वेंगुर्ले

मालवणला बहुतेक प्रवासी सिंधुदुर्गासाठी येतात आणि ते योग्यच आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामाचा प्रारंभ केला. तथापि होडीत बसण्यापूर्वी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा पाहावा. गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग यांच्या आकृती कोरलेल्या या खडकापाशी किल्ल्याचे पूजन झाल्याचे सांगतात. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी मिळणे, यावरच जलदुर्गाचे आयुष्य अवलंबून असते, हे या तीन लहान विहिरींच्या काठावर उभे राहिल्यावर पटते.

मालवण-तारकर्ली-देवबाग या पट्ट्यात रापण पाहण्याचा योग येऊ शकतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर धरतात आणि माणसांच्या दोन रांगा लयीत मागे सरकत ते ओढतात. मिळालेल्या मासळीची वाटणी सर्वांत होते, म्हणून रापण या शब्दाने जाळ्याबरोबर त्या सामुदायिक व्यवस्थेचाही बोध होतो. यांत्रिक मासेमारीच्या स्पर्धेत ही पद्धत मागे पडत चालली आहे.

वेंगुर्ल्यात डचांची सतराव्या शतकातली वखार पडक्या अवस्थेत आहे, तर जुन्या बंदरावरून संध्याकाळी समुद्राचे विस्तीर्ण दर्शन घडते. काजूच्या 'वेंगुर्ला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारित जाती येथल्याच फळ संशोधन केंद्राने तयार केल्या. जवळच्या शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात तेथेच शिक्षक म्हणून काम केले. मिठागरांच्या कडेने चालताना या दोन्ही गोष्टी एकमेकींशी जोडून पाहता येतात.

गावात फिरण्याची रीत

कोणत्याही बंदरगावात फेरफटका धक्क्यापासून सुरू करावा आणि तेथून पेठ, पेठेतून आळी, आळीतून वाडी असे आतल्या दिशेने जावे, म्हणजे माल आणि माणसे ज्या क्रमाने गावात येत, त्याच क्रमाने गाव उलगडते. चढणीवर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट लागते, तिला पाखाडी म्हणतात. तिच्या कडेला चुना-माती न वापरता नुसते दगड रचून केलेला कुंपणाचा बांध दिसतो, त्याला गडगा म्हणतात. आळ्यांची आणि वाड्यांची नावे वाचावीत, कारण गावात कोण कोण आले आणि वसले, याची ती नोंद असते. अलिबागच्या इस्रायल आळीतील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बेने इस्रायल समाजाची आठवण देते. तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखला जाई. रेवदंड्याच्या पलीकडील कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून घडलेली स्वतंत्र बोली आजही बोलली जाते. समुद्राने आणलेली ही विविधता देवळाइतकीच मशिदीत, दर्ग्यात आणि चर्चमध्येही दिसत असल्यामुळे प्रत्येक ठिकाणचे नियम विचारून, पादत्राणे काढून, शांतपणे आत जावे.

वाडी ही खासगी मालकीची असते, म्हणून परवानगीशिवाय आत शिरू नये, पडलेले नारळ उचलू नयेत आणि माडाखाली वाहन उभे करू नये. कोळीवाड्यात जमिनीवर किंवा दोरीवर वाळत घातलेली मासळी हे त्या घराचे पावसाळ्याचे उत्पन्न असते, त्यामुळे तेथे नाक मुरडणे किंवा वाळवणावरून चालणे हा अपमान ठरतो.

मुक्काम, जेवण आणि खबरदारी

मोठ्या हॉटेलापेक्षा निवास-न्याहारी पद्धतीची घरगुती सोय निवडावी. पडवीत झोपाळा, मागे विहीर आणि ताटात घरचे जेवण, यांतून गावाची जी ओळख होते, ती अन्यत्र होत नाही, आणि पैसाही थेट त्या कुटुंबाकडे जातो. जेवणाची वर्दी काही तास आधी द्यावी, कारण नारळ खवण्यापासून तयारी असते आणि मासळी त्या दिवशीच्या बाजारावर ठरते. सुरमई आणि पापलेट यांचाच हट्ट न धरता बांगडा, पेडवे, तिसऱ्या किंवा कालवे यांपैकी जे ताजे असेल ते घ्यावे. शाकाहारी प्रवाशाने घावणे, आंबोळी, कुळथाची पिठी, फणसाची भाजी आणि सोलकढी आवर्जून मागावी.

लहान गावांत एटीएम बंद असण्याची आणि फोनला रेंज नसण्याची शक्यता गृहीत धरून रोख रक्कम, औषधे आणि पुरेसे इंधन जवळ ठेवावे. खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ फार जोरकस असते, तेथे पोहणाऱ्यानेही पाण्यात उतरू नये. इतरत्रही स्थानिकांना विचारल्याशिवाय गुडघ्यापलीकडे जाऊ नये. पुळणीवर गाडी नेण्याचा मोह टाळावा, कारण भरती आल्यावर चाके रुततात आणि कासवांची घरटीही चिरडली जातात. किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेष्टने स्वतःबरोबर परत न्यावीत, कारण भरतीरेषेवर टाकलेला कचरा पुढच्या उधाणात कोणाच्या तरी जाळ्यात अडकतो.

किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. आजारी माणसाला दवाखान्यात आणि आंब्याच्या पेट्या बाजारात वेळेवर पोहोचण्यासाठी हे पूल आवश्यक आहेत, आणि ते झाल्यावर प्रवाशांचीही सोय होईल. पण पुलावरून खाडी ओलांडायला मिनिटभर पुरेल, तेव्हा किल्ला कोठे वळून पाहतो, पेठ धक्क्याकडे का उतरते आणि समोरच्या काठाशी गावाचे नाते कसे होते, हे आपोआप दिसणार नाही. ते पाहण्यासाठी मुद्दाम थांबावे लागेल. म्हणून जोवर जंगलजेट्टी चालू आहे, तोवर प्रवाशाने किमान एक खाडी तिच्यावरून ओलांडावी, भरतीची वेळ तिथीवरून काढावी आणि गावात बंदराच्या बाजूने पाऊल ठेवावे.